शेवटलीची पहिली शेंग

परवा भाचीने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. ती नवऱ्याबरोबर तिकडे थंडीच्या देशात असते. खाली लिहिलं होतं, 'मावशी, ही बघ तुमची घसरटी.' बघते तर काय, हा एवढा बर्फाचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर जत्रेसारखी माणसं. पायांना लांब लांब पट्ट्या बांधलेल्या. कुणी म्हातारं, कुणी पोट सुटलेलं, एकाने तर कोंबड्याचं सोंग घेतलेलं. बर्फ वितळायला लागायच्या आधी तिथले हौशी लोक मोसमातली ही शेवटची शर्यत लावतात म्हणे. भोंगा वाजला आणि सगळे एकदम खाली सुटले. कोण कुणावर आपटतंय, कोण उलटंच चाललंय. मी एकटी बसून हसत होते.

मग मनात आलं, सुगराआपा असती तर तिने एवढंच विचारलं असतं, "आणि शेवटलीसाठी कोण थांबलंय गो?"

मी व्हिडिओ पुन्हा लावला. पहिला आलेला दाखवलाय, हात वर केलेला. दुसरा, तिसराही दाखवलाय. शेवटचे खाली पोचायच्या आत तो व्हिडिओ संपतो.

सुगराआपा आमची रोह्याला लागूनच्या वरशातली शेजारीण. मी पेणची, लग्न होऊन इकडे रोह्याला आले. यांची कंपनीत शिफ्ट, घरात मी आणि भिंती. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मागच्या दाराशी एक उंच, रुंद बाई येऊन उभी राहिली. अंगात गाऊन, त्यावर ओढणी, एका कानात तेलाचा बोळा. ओळख नाही, पाळख नाही. म्हणाली, "पेणची ना गो तू? पापड आणलेस?" मी म्हटलं, आणलेत. "मग भाज. मी चाय टाकून आले हाय." आणि खरंच ती आपल्या घरातून चहाचं पातेलं घेऊन आली, फडक्यात धरून. तेव्हापासून मी पेणकरीण. माझं नाव मालती आहे हे तिला फक्त माझ्या आजारपणात आठवायचं.

तिचं माहेर खाडीपलीकडचं. नारळ-सुपारीची वाडी होती त्यांची. पोफळीचं पान गळतं तेव्हा त्याच्या बुडाशी चामड्यासारखी जाड, पन्हळीसारखी वाकलेली साल असते, तिला विरी म्हणतात. विरीत बसायचं, पुढचा देठ लगामासारखा दोन्ही हातांनी धरायचा आणि उतारावरून सोडून द्यायचं. आगरातली पोरं लहानपणी हा खेळ खेळतातच. फरक एवढाच, की ती मोठी होतात आणि सोडून देतात. आपाने सोडला नाही. तिने तो सासरी आणला आणि आख्ख्या आळीच्या बायकांना लावला.

आमच्या आळीच्या मागे शेतं आणि शेतांच्या पलीकडे एक बोडकी टेकडी. झाड नाही, खडक नाही, नुसतं गवत. दिवाळीनंतर ते पिवळं पडतं, मग वाऱ्याने आडवं होतं आणि असं गुळगुळीत होतं की बकऱ्याही जपून चालतात. टेकडी मास्तरांची होती. मास्तर म्हणजे जुने जमीनवाले, रोह्यात शाळेवर होते. ते दरवर्षी गवत कापून विकायचे, पण मधला एक पट्टा राखायचे. आपा आधीच जाऊन सांगून यायची, "मास्तर, आमचा रस्ता कापू नका." मास्तर म्हणायचे, "सुगरा, तुमच्या रस्त्याला पाटी लावू का?" ती म्हणायची, "लावा, पण वर लिवा, पुरुषांना बंदी."

विऱ्या ती माहेरून आणायची. एसटीने, हा एवढा भारा बांधून. एकदा मी बरोबर होते. कंडक्टर म्हणाला, "बाई, हे काय सामान?" आपा म्हणाली, "गाड्या हायेत." "कसल्या गाड्या?" "बसायच्या. तुझ्यासारखी घंटी नाय त्यांना, एवढंच." बस हसली. कंडक्टरही हसला, पण म्हणाला, गाड्या असतील तर त्यांचंही तिकीट लागेल. आपाने भारा उचलून मांडीवर घेतला. "आता बोल. लेकराला तिकीट लावतोस?" रोहा येईपर्यंत तो भारा मांडीवर होता आणि तिच्या हनुवटीला देठ टोचत होते. पण खाली ठेवला नाही.

आमची शर्यत लागायची ती पोपटीचा मोसम संपता संपता. पोपटी आमच्याकडे काय ते सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. तोंड पाल्यानेच बंद करायचं, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. शेंगा आपल्याच वाफेत शिजतात. वाल जून व्हायला लागले की शेवटची पोपटी, आणि त्या दिवशी दुपार कलली की आम्ही सगळ्या टेकडीवर. खाली कापलेल्या शेतात मडकं धुमसतंय, आणि वर आम्ही विऱ्या मांडून एका रांगेत बसलोय. एकीने दुसरीचा हात धरायचा. हाक आली की हात सोडायचे आणि सगळ्यांनी एकदम सुटायचं. आपलं आपण, एकटीनं आधी जायचं नाही, हा तिचा पहिला नियम.

दुसरा नियम असा, की शेवटली खाली पोचल्याशिवाय मडकं उलटायचं नाही. आणि पहिली शेंग तिला. जी पहिली आली तिला काही नाही. मी सुरुवातीला विचारलं होतं, "मग पहिलं यायचं कशाला?" तर म्हणाली, "जिला घाई तिने पुढं जावं, जिला भूक तिने मागून यावं."

झालं. पुढच्या वर्षी सगळ्यांनाच भूक. बायका उतारावर टाचा रोवून बसल्या. कुणी पुढे जाईना. एकमेकींना म्हणतायत, "तुम्ही व्हा ना पुढं." "नाय गो, तू हो." वरून आपा गरजली, "मुद्दाम मागं राहील तिला टरफलं देईन." तेव्हा कुठे गाड्या हलल्या.

आणि वरून का? तर ती स्वतः कधी उतरत नसे. शर्यत तिची, विऱ्या तिच्या, हाक तिची, पण ती माथ्यावर उभी. आम्ही सुटलो की पायवाटेने हळूहळू चालत खाली यायची. आळीत नवीन आलेली प्रत्येक बाई विचारायची, "आपा, तुम्ही नाय येत?" तर ठरलेलं उत्तर, "माझी गाडी यायची हाय."

तिची गाडी म्हणजे युसूफभाई. तिचे यजमान. ते मस्कतला.

हे तिने मला एकदा वाल सोलताना सांगितलं, मान वर न करता. लग्न झालं तेव्हा असाच गवताचा मोसम होता. युसूफभाई तिला टेकडीवर घेऊन गेले, बरोबर नणंदा होत्या. दोघं दोन विऱ्यांवर बसली. हिला सवय, त्यांना काय माहीत? त्यांनी विरी उलटी धरली, देठ पाठीमागे. ही सूं करून खाली. ते अर्ध्यावर गोल फिरून आडवे. खाली नणंदांनी पोपटी उघडली होती. हिला भूक लागलेली, नवीन नवरी, दोन दिवस लाजून धड जेवली नव्हती. बसली खायला. युसूफभाई विरी डोक्यावर घेऊन चालत आले तेव्हा मडक्यात पाला उरला होता.

"काय बोलले ते?" मी विचारलं.

"काय बोलणार? हसले. बोलले, पुढल्या वेळी हात धरून उतरू, म्हणजे तू एकटी खाणार नाय." तिने एक वाल दातांनी फोडला. "आणि महिना व्हायच्या आत व्हिसा आला."

ती म्हणाली, "मी सांगितलंय त्यांना. आता उतरीन ती दोघं. नायतर नाय."

तर अशी ती गोष्ट. आता तुम्ही म्हणाल, माणूस सुट्टीवर येत असेलच की. यायचे. पण तिकडे कंपनीत सुट्टी द्यायचे ती उन्हाच्या कहरात, म्हणजे इथे ऐन पावसात. युसूफभाई यायचे तेव्हा टेकडी हिरवी कच्च, चिखलाने भरलेली. मी त्यांना कितीदा पाहिलंय, छत्री घेऊन मागच्या दारात उभे. बुटका, शांत माणूस, चार वाक्यं बोलला तर दिवस भरला. टेकडीकडे बघत म्हणायचे, "अगो, पट्टा राखतात ना अजून?" आपा आतून ओरडायची, "राखतात. माणूस तेवढा राखायचा राहिला."

दर मोसमात ती भाऱ्यातल्या दोन चांगल्या विऱ्या बाजूला काढायची. रुंद, न चिरलेल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून खाटेखाली ठेवायची, म्हणजे कडक होऊ नयेत. शर्यत झाली, वर्ष गेलं, की त्या कापायची. एकीचं सूप व्हायचं, दुसरीचं माठावरचं झाकण. आमच्या माठावर अजून तिने दिलेलं एक झाकण आहे. सुनेने स्टीलचं आणलं, मी म्हटलं ते दुसऱ्या माठाला ठेव.

आता हाकेची गंमत सांगते. शर्यत सोडायला ती 'सुट्टी' म्हणून ओरडायची. कारण काय, तर शाळेत सुट्टी म्हटलं की पोरं जशी एकदम दारातून सुटतात, तसं सुटा. आवाज असा, की खाली शेतात जाळ सांभाळणारी बाईसुद्धा दचकायची.

एका वर्षी आम्ही रांगेत बसलोय, हातात हात. शेजारच्या घरची नवी सून प्राची पहिल्यांदाच आलेली, पुण्याची पोर, भीतीने माझा हात पिळून काढत होती. आपा मागे उभी. हाक द्यायच्या आतच तिच्या ओढणीच्या गाठीतला मोबाइल वाजला. मस्कतचा फोन. आम्हाला माहीत होतं ती कसली वाट बघतेय. युसूफभाईंनी त्या वर्षी साहेबाला विनंती केली होती, की पावसाळ्यातली नको, ही आत्ताची रजा द्या. आपाने फोन कानाला लावला. "हां बोला, बोला. ऐकू येतंय. काय? काय बोलले साहेब?" आणि मग एकदम, टेकडी दणाणेल अशी, "सुट्टी?"

झालं. हात सुटले. आम्ही सगळ्या सुटलो. तिचा तो प्रश्न होता हे कुणाच्या ध्यानात येणार? वारा कानात, कुसळं साडीत, प्राची ओरडतेय "आई गं" आणि सरळ पायथ्याच्या करवंदीच्या जाळीत. खाली पोचून आम्ही पोट धरून हसतोय, प्राचीचे काटे काढतोय, आणि मी वर पाहिलं. आपा तिथेच उभी होती. फोन कानालाच. मग तिने तो गाठीत बांधला आणि पायवाटेने खाली यायला लागली.

नव्हती मिळाली सुट्टी.

खाली आल्यावर कुणीतरी भीत भीत म्हणालं, "आपा, चूक झाली गो. आम्हाला वाटलं हाक दिली." तिने आमच्याकडे पाहिलं. मग प्राचीच्या केसांतलं पान काढत म्हणाली, "बरं झालं. कोणाला तरी मिळाली." आणि मडकं उलटायला बसली. शेवटली प्राची होती, जाळीतून निघेपर्यंत. तिला पहिली शेंग दिली. स्वतः आपाने त्या दिवशी खाल्ल्या की नाही, मला आठवत नाही. पाला मात्र तिने फार वेळ चिवडला.

रडकी नव्हती ती. तसं कुणी समजू नये. भांडायला पुढे, लग्नाच्या पंगतीत वाढायला पुढे, आणि कुणाच्या घरी माणूस उशिरा यायचा असला की तिथे जाऊन बसायला पुढे. आमच्या यांची पाळी लांबली की ती यायची, दाराशी पाय पसरून बसायची आणि यांची चप्पल वाजली की उठून जायची. एकदा मी म्हटलं, "आपा, तुम्ही कशाला थांबता?" म्हणाली, "मना सवय हाय. तुझं तू झोप."

मास्तर गेले. त्यांच्या मुलांनी टेकडी विकली. त्यांची जागा, त्यांनी विकली, त्यात बोलण्यासारखं काही नाही. वरशात आता जिकडेतिकडे इमारती होतायत, माणसांना राहायला घरं लागतातच. उतारावर चुन्याच्या रेघा पडल्या, खुंट्या ठोकल्या गेल्या. एका बाजूने जेसीबीने लाल रस्ता काढला. मधला पट्टा तेवढा अजून तसाच होता, कारण पावसापर्यंत काम पुढे सरकणार नव्हतं. म्हणजे एकच मोसम शिल्लक.

आणि त्याच मोसमात युसूफभाई आले. कायमचे. पण मणका घेऊन आले. इतकी वर्षं उंचावर लोखंड उचललेलं, त्याने कंबर धरली होती. काठी घेऊन चालायचे. डॉक्टरने सांगितलेलं, वाकायचं नाही, उचलायचं नाही, आणि खाली बसायचं तर मुळीच नाही.

आपाने त्या वर्षी विऱ्या आणल्या. दोन बाजूला काढल्या, गोणपाटात गुंडाळल्या. मी पाहिलं. तीच म्हणाली, "ठेवल्यात आपल्या. सवयीनं."

"तुम्ही उतरणार का?"

"एकटी कशी उतरू गो? सांगितलंय ना त्यांना."

आत खाटेवरून युसूफभाई म्हणाले, "मी कुठं धरून ठेवलंय?" ती म्हणाली, "तेच तर. धरायचं ठरलं होतं."

त्यानंतरचं आधी सांगून टाकते. पाऊस सुरू व्हायच्या आत त्यांची मुलगी दोघांना मुंब्र्याला घेऊन गेली, तिथे दवाखाना जवळ. आपा तिथेच गेली, ध्यानीमनी नसताना. काठी धरणारे राहिले आणि ती गेली. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी जाऊन युसूफभाईंजवळ बसून आले. त्यामुळे आजारी आपा, झोपलेली आपा, मी पाहिलेली नाही. माझ्याजवळ तिचं जे शेवटचं दिसणं आहे ते त्या टेकडीवरचं आहे, आणि ते मला कुणी बदलून मागितलं तर देणार नाही.

होळीच्या आधीचा आठवडा. ऊन उतरत होतं. युसूफभाईंना रिक्षाने शेताच्या कडेपर्यंत आणलं, जाळापासून जरा लांब प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर काठी. आम्ही वर. मी त्या वर्षी खरं तर बसायचं नाही म्हणत होते, गुडघे बोलायला लागले होते. पण प्राचीने हात धरून बसवलं. आता तीच सगळ्यांना सांगत होती देठ कुठे धरायचा. आपा मागे उभी, गोणपाटाचं भेंडोळं काखेत.

हात धरले. आम्ही थांबलो. हाक येईना.

मी मागे वळून पाहिलं. आपा खाली खुर्चीकडे बघत होती. म्हणाली, "कसली सुट्टी ओरडू गो आता? माणूस घरीच हाय." बायका हसल्या. तीही हसली, पण आवाज काही फुटेना. तोंड उघडायची आणि ओढणी लावायची.

तेवढ्यात खालून आवाज आला. बारीक, चिरका, कधी न वापरलेला असा.

"सुगरा!"

आम्ही सगळ्या खाली बघायला लागलो. युसूफभाईंनी चारचौघांत तिला नावाने हाक मारलेली आमच्यातल्या कुणीच ऐकलेली नव्हती. अगो, इकडं ये गो, एवढंच. मग त्यांनी काठी वर केली आणि ओरडले, "सुट्टी!"

आम्ही सुटलो. हसत, किंचाळत, खुंट्या चुकवत, एकीची विरी चुन्याच्या रेघेवरून गेली तर मागे पांढरा धूर. खाली पोचून मी कुसळं झाडत उठले आणि वर बघते तर ती अजून उभीच. सगळ्या खाली, आणि माथ्यावर ती एकटी, गाऊन वाऱ्याने फडफडतोय.

युसूफभाई पुन्हा ओरडले. या वेळी जरा चिडून. "त्यांना नाय गो, तुला सांगतोय. सुट्टी!"

तेव्हा तिने भेंडोळं सोडलं. ओढणी कमरेला आवळली. एक विरी मांडली, तिच्यात बसली. दुसरी शेजारी मांडली, रिकामी. एका हातात आपला देठ धरला आणि दुसऱ्या हातात त्या रिकाम्या विरीचा देठ, माणसाचा हात धरावा तसा. आणि टाचा उचलल्या.

भरभर नाही आली. टाचा रोवत, थांबत, ती शेजारची विरी वाकडी गेली की देठ ओढून सरळ करत. प्राचीने मडक्याकडे हात नेला तर मी तिचा हात धरला. पण युसूफभाई उठले होते. खुर्चीच्या पाठीला धरून, काठीवर भार देऊन, एकेक पाऊल टाकत जाळाकडे गेले. म्हणाले, "उलट गो पोरी, ती येतेच हाय." मडकं उलटलं. वाफ आली, ओव्याचा वास आला. त्यांना वाकायचं नव्हतं, म्हणून प्राचीने वरची एक शेंग उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली.

आपा अजून अर्ध्यावर होती. ते शेंग फुंकत उभे होते.